डिकीतला तांदूळ

मंदार, गाडी जागेवर आहे. मागच्या बंपरला डावीकडे ओरखडा आलाय. तो माझ्या हातून झाला. तू असतास तर खाली जाऊन त्यावरून अंगठा फिरवला असतास, वर येऊन मुकाट चहा प्यायला असतास आणि मग दिवसभर फुगून बसला असतास. म्हणून आधीच सांगून टाकते, मागाहून कळायला नको.

बर्फ बराचसा वितळलाय. रस्त्याच्या कडेला काळपट ढीग उरलेत, त्यांच्याकडे मी खिडकीतून बघत राहते. भेटायला येणारे म्हणतात, केतकी, रडून घे, मोकळी हो. मला रडू येत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तशी मी सगळीच झालेय. चहा गरम आहे हे कळतं, पण भाजत नाही. तू सोमवारी स्लोटरडाइकच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपुढे पडलास आणि पुन्हा उठला नाहीस, हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय की आता घरच्या पत्त्यासारखं पाठ झालंय. बाकी तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तू किती मनमिळाऊ होतास, ते सगळं इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लोकांनी लिहिलंय. मनमिळाऊ वाचून मला जरा नवल वाटलं. मला तुझ्याशी गाडीबद्दल बोलायचंय, कारण आपलं ते भांडण अर्धवट राहिलं.

ज्या देशात लोक सायकलने ऑफिसला जातात आणि ट्रेनने गावाला, तिथे रायस्वाइकच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला गाडी कशाला हवी, हा माझा पहिला प्रश्न होता. हवीच असेल तर ती आपल्या लेकीपेक्षा, ईरापेक्षा, दुप्पट वयाची कशाला, हा दुसरा. तू मास्ट्रिख्टच्या एका म्हाताऱ्याकडून ती घेऊन आलास, तेव्हा मला वरून वाटलं, कुणीतरी लोखंडी कपाट आडवं करून त्याला चाकं लावलीत. जुनी, स्वीडिश, चौकोनी, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी. मी म्हटलं, हा पांढरा हत्ती आहे. तू म्हणालास, "निळा आहे." मग मला खाली नेऊन शिकवणी घेतलीस. "हल्लीच्या गाड्यांत पुढच्याच चाकांनी ओढायचं आणि पुढच्याच चाकांनी वळायचं. हिच्यात पुढच्यांनी फक्त वळायचं, ढकलायचं काम मागच्यांचं. एकावरच सगळा भार टाकू नये, केतकी." मी विचारलं, हे तत्त्व भांडी घासायच्या वेळी कुठे जातं?

बर्फात मात्र तुझ्या तत्त्वाचे पाय घसरायचे. इंजिनाचं सगळं वजन पुढे आणि ढकलणारी चाकं मागे, तिथे डिकी रिकामी. मागची चाकं नुसती जागच्या जागी फिरायची, नाहीतर गाडीचं ढुंगण भलतीकडे निघायचं. मी गाडीला नावं ठेवली की तू म्हणायचास, नाचता येईना अंगण वाकडं. तळमजल्यावरचे हेंक, निवृत्त झाल्यापासून सगळ्या गल्लीची काळजी वाहणारे, दर नोव्हेंबरला तुला सांगायचे की फुटपाथच्या चार फरश्या डिकीत टाक. त्यांच्या बागेत त्या पडूनच होत्या. तू दर नोव्हेंबरला नको म्हणायचास. "फरशी खाता येत नाही," हे तुझं उत्तर. ते तू डचमध्येही म्हणून दाखवायचास, आणि हेंक दर वर्षी तितकेच गोंधळायचे.

त्याऐवजी तू हेगच्या भारतीय दुकानातून तांदळाची पोती आणायचास आणि मागच्या चाकांच्या बरोब्बर वर येतील अशी डिकीत मांडायचास. पुण्याला तुझ्या आई उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरतात, तसं तू इथे थंडीच्या तोंडावर डिकी भरायचास. एका दगडात दोन पक्षी, म्हणायचास. घरात जागा अडत नाही, थंडीमुळे पोरकिडे होत नाहीत, आणि गाडीला वजन मिळतं. त्यामुळे आपल्या घरात तांदूळ संपला याचा अर्थ तीन जिने उतरून, कोट-बूट घालून, पातेलं घेऊन रस्त्यावर जायचं असा झाला. माणशी एक वाटी, हे तुझ्या आईंचं माप. ते तू भर रस्त्यात मोठ्याने मोजायचास आणि सायकलवरून जाणारे लोक वळून बघायचे.

या हिशेबातली खोट मला पहिल्याच वर्षी दिसली होती. इथे बर्फ पडलाच तर तो बहुतेक जानेवारीत नाहीतर फेब्रुवारीत. तोवर आपण गाडीचं वजन खाऊन बसलेलो असायचो. आठवतं ना, ईरा लहान असताना आपण कोपऱ्यावरच्या गोल चौकात अख्खी गिरकी घेतली आणि तोंड घराकडे करून थांबलो? ईरा मागून टाळ्या वाजवत "अगेन, अगेन" ओरडत होती. तू उतरलास, डिकी उघडलीस, तळाशी लोळत पडलेलं रिकामं पोतं बघितलंस आणि गंभीरपणे म्हणालास, "परवाची बिर्याणी." मी पोट धरून हसले होते.

हसण्यावर नेलं नाही ते मंडळातल्या जोशीकाकूंनी. आपल्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर बर्फ पडायला लागला आणि तू बायकांना घरी सोडायला निघालास. डिकीत पोतं होतं अर्धं. काकू आपल्या ऐटीत पुढचं दार उघडत होत्या. तू म्हणालास, "काकू, राग मानू नका, पण तुम्ही मागे बसा. मागे वजन लागतं." आणि मंडळात नव्याने आलेल्या एका सडपातळ मुलीला पुढे बसवलंस. काकू मागे बसल्या, सुखरूप घरी पोचल्या आणि पुढची दोन वर्षं आपल्याशी बोलल्या नाहीत. मी तुला म्हटलं, निदान दुसरं काही कारण सांगायचंस. तू म्हणालास, कारण खरं होतं. या भेटीगाठींत परवा काकू आल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "फार नीट गाडी चालवायचा गं." मी हो म्हटलं.

एकदाच तू मला शिकवायला नेलंस. फर्निचरच्या मोठ्या दुकानामागचं रिकामं पार्किंग, रविवारची सकाळ, कुणाचंही पाऊल न पडलेला बर्फ. तू मला मुद्दाम घसरायला लावलंस. "मागचं अंग सुटलं की घाबरून ब्रेक दाबायचा नाही. पाय अलगद काढ. मागचं जिकडे पळतंय तिकडेच स्टिअरिंग वळव, आणि बघायचं मात्र जिकडे जायचंय तिकडे. खांबाकडे बघितलंस की खांबावरच जाशील." मी किंचाळले, शिव्या दिल्या आणि पुन्हा एकदा म्हटलं. पुन्हा एकदा असं बऱ्याच वेळा म्हटलं. घरी आल्यावर मात्र मी सगळ्यांना सांगितलं की हा माणूस मला मारायला निघाला होता, ही गाडी विकूनच टाकली पाहिजे. खरं तर मला मजा आली होती, मंदार. फार मजा आली होती. पण तसं कबूल केलं असतं तर गाडी विकायचा विषय तिथेच संपला असता, आणि तो विषय मला आवडायचा. आपण त्यावर किती छान भांडायचो.

यंदाचा बर्फ तुझ्या अंत्यविधीच्या सकाळी पडला.

तुझ्या आई मार्चमध्ये येणारच होत्या म्हणून त्यांचा व्हिसा तयार होता, ते बरं झालं. बरं झालं हे शब्द हल्ली माझ्या तोंडून कुठेही निघतात. त्यांचं विमान सकाळी स्किपोल विमानतळावर उतरणार होतं आणि तुझी वेळ होती दुपारी तीनची. इथे त्याचीही वेळ लागलेली असते, मंगल कार्यालयासारखी. आपल्या आधी कुणी, आपल्या मागे कुणी. अंत्यविधीचं बघणाऱ्या बाईंनी मला फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. तीनच्या आधी पेटी बंद होईल आणि मग ती उघडता येणार नाही, ही एक. आणि नंतर लोकांना कॉफी केकसकट द्यायची की केकशिवाय, ही दुसरी. मी केकशिवाय म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, तू केकसकट म्हणाला असतास.

मी ट्रेनने जाऊन आईंना आणणार होते. सकाळी बघितलं तर ट्रेन बंद. बस बंद. टॅक्सी मिळेना. मंडळातल्या ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्या सगळ्या उन्हाळी टायरवर. दोघं जण तरी बिचारे निघाले, ते आपापल्या गल्लीच्या तोंडाशीच अडकले. हेंक दारात उभे होते. म्हणाले, "माझी गाडी इंचभर हलणार नाही. या रस्त्यावर विंटर टायर फक्त तुझ्या नवऱ्याच्या गाडीला आहेत." तू दर नोव्हेंबरला ते टायर बदलायचास आणि मी दर नोव्हेंबरला म्हणायचे, हौसेला मोल नाही. त्या सकाळी प्रश्न एवढाच होता की तुझ्या आईंना तुझं तोंड बघायला मिळणार की बंद पेटी. मी किल्ली घेतली.

डिकी उघडली. अर्धं पोतं. दिवाळीनंतर तू भरलेल्यातलं तेवढंच उरलं होतं. हेंक एकचाकी हातगाडीवर फरश्या घालून मागोमाग आले होते. मी त्यांना नको म्हटलं. का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. इतकी वर्षं या घरातून नको असंच उत्तर गेलं होतं, तेच तोंडातून निघालं असेल. शहाणपणा नव्हता तो. हेंक फरश्यांसकट तिथेच उभे राहिले. तेवढ्यात ईरा कोट घालून खाली आली आणि मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसली. मी तिला शेजाऱ्यांकडे थांबायला सांगितलं होतं.

"समवन हॅज टू सिट इन द बॅक," ती म्हणाली. "बाबा सेज."

मी तिला उतरायला सांगितलं नाही. गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, चाकं जागच्या जागी फिरली. मागून आवाज आला, "सेकंड, आई. बाबा ऑलवेज स्टार्ट्स इन सेकंड." दुसऱ्या गिअरमध्ये ती हळूच निघाली. कोपऱ्यावरच्या त्याच गोल चौकात मागचं अंग सुटलं. मी पाय काढला, स्टिअरिंग तिकडेच वळवलं, जिकडे जायचं होतं तिकडे बघितलं. म्हणजे शरीराने केलं, मी नुसती बसले होते. गाडी सरळ झाली, पण होता होता बंपर एका खांबाला घासला. खांबाकडे मी बघितलं नव्हतं, खरं सांगते. मला वाटलं ईरा टाळ्या वाजवेल. तिने वाजवल्या नाहीत.

हायवेवर एकच लेन उघडी होती. मीठ टाकत जाणाऱ्या ट्रकच्या मागे मागे आम्ही रांगत गेलो. मिठाचे खडे काचेवर येत होते. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी मी तुझ्या त्या शिकवणीचा विचार करत होते, वळायचं एकाने आणि ढकलायचं दुसऱ्याने. आता वळायचंही मीच आणि ढकलायचंही मीच. एवढं मनात आलं आणि मग पुन्हा मीठच दिसायला लागलं.

विमानालाही उशीर झाला होता, त्यामुळे आई नुकत्याच बाहेर येत होत्या. अंगावर दोन स्वेटर, कानाला स्कार्फ, आणि ट्रॉलीवर त्यांच्या डोक्याएवढ्या उंचीच्या दोन बॅगा. मला वाटलं होतं आम्ही एकमेकींना बघून कोसळू. तसं झालं नाही. मी बॅगांकडे बघत राहिले.

"आई, हे काय?"

"त्याचं आहे," आई म्हणाल्या. "मार्चसाठी थोडं भरलं होतं. उरलेलं परवापासून भरत बसले. हातांना काही काम नसतं तर वेड लागलं असतं मला. आंबेमोहोर आहे, मेतकूट आहे, तिळाचे लाडू आहेत. इथला तांदूळ त्याला आवडत नाही ना."

मी हो म्हटलं. त्या बॅगा उचलून डिकीत ठेवताना माझी कंबर मोडायची वेळ आली. अर्ध्या पोत्याच्या दोन बाजूंना त्या बसल्या आणि गाडीचं मागचं अंग चांगलं बोटभर खाली गेलं. आई पुढचं दार उघडत होत्या. "तुझ्याजवळ बसते," म्हणाल्या.

"नको, आई. मागे बसा. मागे वजन लागतं."

बोलल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. आईंना राग नाही आला. तोळामासा जीव तो, त्यांचं कसलं आलंय वजन. पण त्या गुमान मागे बसल्या आणि त्यांनी ईराला कुशीत घेतलं. परतताना बर्फ वाढला होता, मंदार, आणि गाडी एकदाही घसरली नाही. पुलावर नाही, उतारावर नाही, त्या गोल चौकातही नाही. तुझ्या आईंनी तुझ्यासाठी भरलेल्या तांदळाने तुझी गाडी रस्त्याला धरून ठेवली. गाडीबद्दल तू बरोबर होतास. फरश्या लागत नाहीत.

आम्ही घरी न थांबता थेट अंत्यविधीच्या जागीच गेलो. फोनवरच्या त्या बाई दारात थांबल्या होत्या. पेटी त्यांनी उघडी ठेवली होती आणि आपल्या मागची वेळ असलेल्या लोकांना थोडं थांबायला सांगितलं होतं. आईंनी एक स्वेटर काढून माझ्या हातात दिला, तुझ्याजवळ गेल्या, कपाळावरून हात फिरवला, मग कानामागून.

"केस वाढलेत याचे," त्या म्हणाल्या. "कापून घे म्हणायचंस ना, केतकी."

"म्हटलं होतं, आई."

म्हटलंच होतं. रविवारी. तू म्हणालास, पुढच्या आठवड्यात. मग ती पेटी बंद केली त्यांनी. पुढचं सगळं आपल्या पद्धतीने झालं, जेवढं इथे होतं तेवढं. मला त्यातलं फारसं आठवत नाही. आईंचा स्वेटर शेवटपर्यंत माझ्या हातात होता.

तेव्हापासून घरात गॅस फक्त चहापुरता पेटतो. मंडळातल्या बायकांनी पाळ्या लावून डबे पाठवले. आमटी-भात, पिठलं-भात, मुगाची खिचडी. सगळ्यांच्या हाताची चव मला सारखीच लागते. हेंकनी काल जिन्यात गाठून सांगितलं की त्यांच्या पुतण्याला अशा जुन्या गाड्यांची हौस आहे, घाई नाही, पण मनात आलं तर सांग. मी इतकी वर्षं याच वाक्याची वाट बघत होते. बघते म्हटलं आणि वर आले.

आज सकाळी आई म्हणाल्या, "पुरे झाले डबे. आज मी भात लावते. आणि त्या बॅगा कुठेत गं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या डिकीतच राहिल्यात. कुणी वर आणल्याच नाहीत. आई म्हणाल्या, चल, घेऊन येऊ, तांदूळ डब्यात भरून टाकते. मी पातेलं आणि वाटी घेतली. आईंनी विचारलं नाही की पातेलं कशाला.

मी डिकी उघडली. आईंनी बॅगेची चेन ओढली, आतल्या पिशवीचं तोंड सोडलं आणि त्या गारठ्यात तांदळाचा वास आला. पेट्रोलचा आणि त्याचा, दोन्ही एकदम. तुझ्या स्वेटरला हिवाळाभर यायचा तो वास, मंदार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं, आणि दुखतंय म्हणून मला हायसं वाटलं. मी पातेलं पुढे धरलं.

"लागेल तेवढाच काढा, आई. बाकीचा इथेच राहू दे."

"गाडीत?"

"हो."

"अगं, तांदूळ काय गाडीत ठेवतात?"

"अजून फेब्रुवारी जायचाय," मी म्हटलं.

आईंनी माझ्याकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. मग वाटी घेतली आणि मोठ्याने मोजायला लागल्या, थेट तू मोजायचास तसं. एक. दोन. तीन. चार. एक मुलगी सायकलवरून वळून बघत गेली. चौथी वाटी ओतून झाल्यावर त्या पातेल्याकडे बघत थांबल्या. मग त्यातून एक वाटी भरून उचलली, परत पिशवीत ओतली आणि पिशवीचं तोंड बांधलं.